सक्शन पाईप लहान केल्याने ‘ओढ’ वाढते का?

आपला प्रश्न दोन पदरी आहे, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. पंचगंगेच्या काठावर आपला १० हॉर्सपॉवरचा पंप आहे. दिवाळीनंतर बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असतात आणि नदी भरून उभी असते, तेव्हा पाण्यापासून पंपापर्यंतची उंची जेमतेम २ मीटर असते आणि पंप विनातक्रार चालतो. एप्रिल-मे उजाडला की तीच उंची ६ मीटरच्या घरात जाते, उसाला पोहोचणारे पाणी निम्म्यावर येते आणि पंपात कोणी खडी टाकली असावी असा आवाज सुरू होतो. गावातल्या फिटरने ४ इंची सक्शन, म्हणजे नदीतून पंपापर्यंत पाणी आणणारा पाईप, काढून ३ इंची टाका, म्हणजे ओढ वाढेल, असे सांगितले. बारावीत शिकणाऱ्या आपल्या मुलाने पुस्तक उघडून त्याला दुजोरा दिला: पाईप अरुंद झाला की पाण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब घटतो आणि दाब घटला की खालचे पाणी जास्त ओढले जाते, असे बर्नोलीच्या सिद्धान्तावरून निघते असे त्याचे म्हणणे आहे. आपल्याला ते पटत नाही, पण चूक नेमकी कुठे आहे तेही सापडत नाही.

३ इंची पाईप टाकू नका, हे पहिल्यांदा सांगून टाकतो. मुलाच्या तर्कातली पहिली पायरी पूर्ण बरोबर आहे, दुसरी बरोबर असली तरी उलट्या दिशेने वाचलेली आहे आणि तिसरी चूक आहे. गेली एकतीस वर्षे मी नदीकाठच्या पंपांची जोडणी आणि दुरुस्ती करतो आहे, आणि हाच तर्क मी शेतकऱ्यांकडून, फिटरांकडून आणि दोन वेळा पदवीधर इंजिनिअरांकडूनही ऐकला आहे. त्यामुळे मुलाला रागावू नका. तो तर्क दिसतो तितका बाळबोध नाही.

गोंधळाचे मूळ ‘ओढ’ या शब्दात आहे. पाण्याला ओढता येत नाही. दोरी ओढता येते, कारण तिचे पीळ एकमेकांना धरून असतात. पाईपमधल्या पाण्याला मात्र वरून धरून खेचायला काहीच नसते. गुऱ्हाळावर आपण नळीने उसाचा रस पितो तेव्हा तोंडात आपण फक्त हवेचा दाब कमी करतो. ग्लासातल्या रसावर बाहेरच्या हवेचा दाब पूर्ववत असतो, आणि तोच रसाला नळीत वर ढकलतो. नळीला मध्येच चीर पडली असेल तर कितीही जोर लावला तरी रस येत नाही, कारण हवा जवळच्या वाटेने आत शिरते. पंप नेमके तोंडाचे काम करतो. इम्पेलरच्या, म्हणजे पंपात फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या, तोंडाशी तो जागा मोकळी करून दाब उतरवतो, आणि नदीच्या पाण्यावर पसरलेली हवा पाणी वर ढकलते. पाणी चढवण्याचे काम सक्शनच्या बाजूला हवा करते. पंपाची खरी मेहनत डिलिव्हरीच्या, म्हणजे पंपातून शेताकडे जाणाऱ्या पाईपच्या, बाजूला सुरू होते.

गुऱ्हाळाचा विषय निघालाच आहे तर तिथल्या चुलवाणाच्या चिमणीबद्दलही लोक ‘चिमणी चांगली ओढते’ असेच म्हणतात. तिथेही ओढणारे कोणी नसते. चिमणीतली तापलेली हवा हलकी असते, बाहेरची गार हवा जड असते, आणि ती जड हवा चुलवाणाच्या तोंडातून आत शिरून हलक्या हवेला वर लोटते. बारा मीटर उंचीच्या चिमणीत सरासरी अडीचशे अंशाची हवा असेल तर हा सगळा खटाटोप पाण्याच्या पाच-सहा मिलिमीटर उंचीएवढ्या दाबावर चालतो. इतक्या किरकोळ फरकावर चिपाडाचा जाळ भडकतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

हवा पाण्याला किती उंच ढकलू शकते, याला मर्यादा आहे आणि ती पंपाच्या हॉर्सपॉवरवर अवलंबून नाही. गॅलिलिओने १६३८ मध्ये लिहून ठेवले आहे की पंप पाणी साधारण १० मीटरच्या वर ओढू शकत नाही, हे त्याला एका पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराने सांगितले. कारण मात्र त्यालाही नीट उमगले नव्हते. त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने पुढच्या काही वर्षांत पाऱ्याची नळी उलटी करून ते उलगडले: आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या समुद्राचे वजन ७६ सेंटिमीटर पारा किंवा सुमारे १०.३ मीटर पाणी तोलून धरते. पास्कलने १६४८ मध्ये आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन डोंगरावर चढायला लावले, तेव्हा वर गेल्यावर पारा खाली आला, कारण डोक्यावरची हवा कमी झाली होती. पहिला मुद्दा शोधायला एक पंपवाला उपयोगी पडला, ही गोष्ट माझ्यासारख्याला सुखावणारी आहे.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे आपल्याकडे हवेचे वजन १०.३ मीटर पाण्याएवढे नसून साधारण ९.७ मीटर पाण्याएवढेच आहे. पंपाच्या कॅटलॉगमधले सक्शनचे आकडे बहुतेक समुद्रसपाटीचे असतात, आणि हे सहा-साडेसहा दशांश मीटर तिथेच आपल्या खात्यातून वजा होतात. शिवाय पाणी हे उकळायला नेहमी शंभर अंशच लागतात असे नाही. त्याच्यावरचा दाब पुरेसा उतरला की ते नदीतल्या उन्हाळी तापमानालाही उकळते. ३० अंशाच्या पाण्यासाठी ही पातळी सुमारे ०.४ मीटर पाण्याएवढ्या दाबाची आहे. म्हणजे पाणी वाफ होऊ न देता आपल्याला खर्च करता येण्याजोगी जमा ९.३ मीटर. सक्शनचा सगळा जमाखर्च या रकमेत बसवावा लागतो, आणि ती रक्कम कोणताही पंप वाढवू शकत नाही.

आता मुलाच्या दुसऱ्या पायरीकडे येतो, कारण तिथे विचार करण्यासारखे खूप आहे. रुंद पाईपमधून अरुंद भागात शिरणारे तांब्याभर पाणी डोळ्यांसमोर आणावे. रुंद भागात ते सावकाश जात होते, अरुंद भागात ते वेगाने जात आहे, कारण मागून येणारे पाणी कुठे साठून राहत नाही आणि तेवढेच पाणी लहान तोंडातून जायचे तर वेगाने जाणे भाग आहे. पण कोणतीही वस्तू आपणहून वेग घेत नाही. त्या तांब्याभर पाण्याला पुढे रेटणारे कोणीतरी हवे. त्याला स्पर्श करणाऱ्या गोष्टी दोनच आहेत, मागचे पाणी आणि पुढचे पाणी. म्हणजे मागच्या पाण्याचा दाब पुढच्यापेक्षा जास्त असलाच पाहिजे. अरुंद भागात दाब कमी असतो, आणि म्हणूनच पाणी तिथे वेग घेऊ शकते. ‘वेग वाढल्यामुळे दाब कमी झाला’ असे वाक्य पाठ केले की वेग हा कर्ता आणि दाब हे त्याचे फळ असे वाटू लागते. प्रत्यक्षात वेग ही दाब मोजून विकत घेतलेली वस्तू आहे. डॅनियल बर्नोलीने १७३८ मध्ये हा हिशेब मांडला आणि आज आपण लिहितो त्या स्वरूपातले समीकरण पुढे ऑयलरने दिले. त्या समीकरणात दाब, वेग आणि उंची एकाच बाजूला बेरजेत असतात, ते याच कारणाने: एक वाढवायचे तर दुसऱ्यातून घ्यावे लागते.

मग प्रश्न उरतो की हा खर्च कोणाच्या खिशातून होतो. सक्शन पाईपच्या बाबतीत खिसा एकच आहे, आपले ९.३ मीटर. ३ इंची पाईपमध्ये पाण्याला वेगात आणायला जो दाब लागतो तो हवेने ढकलण्यासाठी ठेवलेल्या शिलकीतूनच जातो. नदीच्या पृष्ठावरचा दाब पाईप लहान केल्याने वाढत नाही आणि इम्पेलरच्या तोंडाशी दाब वाफेच्या पातळीखाली नेता येत नाही. दोन्ही टोके बांधलेली आहेत. मधला पाईप अरुंद केल्याने त्या दोन टोकांतला फरक वाढणार कसा? मुलाची तिसरी पायरी इथे घसरते.

बर्नोलीच्या सिद्धान्ताबद्दल आणखी एक गोष्ट मुलाला सांगावी. घर्षण नगण्य असेल आणि वाटेत कोणी ऊर्जा घातली किंवा काढली नसेल तरच तो जसाच्या तसा लागू होतो. इम्पेलर पाण्यात ऊर्जा घालतो, म्हणून सक्शन आणि डिलिव्हरी यांची तुलना त्या साध्या समीकरणाने करता येत नाही. शाळेत कागदाच्या पट्टीवरून फुंकर मारून ती वर उचललेली दाखवतात आणि ‘वरच्या हवेचा वेग जास्त म्हणून दाब कमी’ असे सांगतात, तिथेही हीच चूक होते. तोंडातून निघालेली फुंकर ही आपण ऊर्जा घालून सोडलेली हवा आहे आणि सरळ रेषेत जाताना तिचा दाब भोवतालच्या हवेएवढाच असतो. पट्टी उचलली जाते, कारण फुंकर पट्टीच्या वळणाला चिकटून वळते, आणि वाहत्या हवेला वळवायचे तर वळणाच्या आतल्या बाजूला दाब कमी असावा लागतो. घरी पडताळून पाहायचे असेल तर तीच पट्टी सरळ खाली लोंबती धरावी आणि तिच्या एकाच बाजूने वरून खाली फुंकर मारावी. ती फुंकरीकडे झेपावत नाही.

यावर आपला मुलगा, तो हुशार दिसतो म्हणून सांगतो, लगेच विचारेल की मग ठिबकच्या व्हेंच्युरीत, म्हणजे मध्ये अरुंद घसा असलेल्या खत सोडण्याच्या नळीत, खत ओढले जाते ते कसे. हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आपल्या फिटरलाही द्यावे, कारण त्याच्या डोक्यात बहुधा व्हेंच्युरीच असावी. व्हेंच्युरीच्या आधी पंप बसलेला असतो आणि पाणी दाबाखाली येते. समजा तिथे २ किलोचा, म्हणजे साधारण २० मीटर पाण्याएवढा दाब आहे. तो सगळा खर्चून घशातला दाब बाहेरच्या हवेएवढा उतरवायचा तर पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या आसपास लागतो. त्याहून किंचित जास्त वेग झाला की घशातला दाब हवेच्या खाली जातो आणि खताच्या उघड्या बादलीवरची हवा खताला बाजूच्या नळीतून आत ढकलते. इथे खर्चायला पंपाने दिलेले २० मीटर हाताशी असतात. पुढे घसा हळूहळू रुंद केलेला असतो, त्यामुळे वेगासाठी मोजलेल्या दाबापैकी बराचसा परत मिळतो, पण सगळा मिळत नाही. साधारण एक तृतीयांश दाब गमवावा लागतो, आणि पुढच्या लाईनीत दाब जास्त अडकून राहिला तर व्हेंच्युरी ओढायची थांबते किंवा उलटे पाणी बादलीत येते. आपल्या सक्शन पाईपमध्ये पंप पुढे आहे आणि मागे फक्त हवा आहे. व्हेंच्युरीची युक्ती तिथे लावणे म्हणजे पगार होण्याआधीच तो उधळण्यासारखे आहे.

आता आपल्या पंपाचा जमाखर्च मांडू. आपण पंपाच्या पाटीवरचे आकडे आणि पाईपची लांबी लिहिलेली नाही, म्हणून काही गोष्टी मी गृहीत धरतो आणि त्या बदलल्या तर उत्तरातले आकडेही बदलतील हे मान्य करतो. सेकंदाला १५ लिटर पाणी, १२ मीटर लांब सक्शन, एक फूटव्हॉल्व्ह (पाईपच्या पाण्यातल्या टोकाची एकतर्फी झडप), त्याची जाळी आणि दोन बेंड, असे धरले आहे. पंपाला इम्पेलरच्या तोंडाशी वाफेच्या पातळीच्या वर कमीत कमी ३.५ मीटर शिल्लक लागते असेही धरतो. कॅटलॉगात हा आकडा एनपीएसएच या नावाने दिलेला असतो आणि प्रत्येक पंपाचा वेगळा असतो.

४ इंची पाईपमध्ये या पाण्याचा वेग सेकंदाला १.९ मीटर येतो. पाईपचे घर्षण सुमारे ०.४५ मीटर आणि फूटव्हॉल्व्ह, जाळी व बेंड मिळून सुमारे ०.७५ मीटर, म्हणजे एकूण १.२ मीटर वाया जातात. दिवाळीनंतर उंची २ मीटर असताना ९.३ मधून २ आणि १.२ वजा केले की ६.१ मीटर शिल्लक राहते. पंपाला ३.५ हवे आहेत, म्हणून तो खुशीत चालतो. मे महिन्यात उंची ६ मीटर झाली की शिल्लक २.१ मीटरवर येते. गरजेपेक्षा जवळजवळ दीड मीटर कमी. आपण लिहिलेली सगळी लक्षणे या एका वजाबाकीत आहेत.

३ इंची पाईप टाकला तर वेग ३.४ मीटर होतो. पाणी तेवढेच राहिले तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून ४ वरून ३ इंचावर येताना ते चौपटीहून जास्त होते, आणि बेंड व फूटव्हॉल्व्हचा खर्च तिपटीहून जास्त होतो. एकूण नुकसान १.२ वरून ४.२ मीटरवर जाते. मे महिन्यात ९.३ मधून ६ आणि ४.२ वजा करता येतच नाहीत. म्हणजे तेवढे पाणी त्या पाईपमधून वर येणेच शक्य नाही. आणि आज ज्या दिवाळीच्या दिवसांत पंप नीट चालतो, तेव्हाही शिल्लक ३.१ वर येऊन खडीचा आवाज सुरू होईल. उलट ५ इंची पाईप टाकला तर नुकसान अर्ध्या मीटरच्याही खाली, सुमारे ०.४५ वर येते. पंपाचे तोंड ३ इंची असले तरी पाईप ५ इंची चालतो, पण पंपाजवळ बसवायचा रिड्यूसर (मोठा पाईप लहान तोंडाला जोडणारा तुकडा) वरून सपाट आणि खालून उतरता असा एकतर्फी असावा, नाहीतर त्याच्या माथ्यावर हवा साठते. बरेच जण पंपाच्या तोंडाएवढाच पाईप घेतात आणि तेच योग्य समजतात. ती काटकसर महाग पडते.

खडीच्या आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नुसता आवाज आहे, चालू द्या, असे समजून लोक दोन हंगाम काढतात. शिल्लक अपुरी पडली की इम्पेलरच्या पात्यांच्या सुरुवातीला दाब वाफेच्या पातळीवर उतरतो आणि पाण्यात वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात. ते पात्यावरून थोडे पुढे सरकले की दाब वाढतो आणि बुडबुडे एका क्षणात मिटतात. मिटताना भोवतालचे पाणी त्या बिंदूवर आदळते, आणि त्या आघाताचा दाब इतका प्रचंड असतो की बिडाचा आणि पितळेचासुद्धा कण उडतो. जहाजाच्या पंख्यांना पडणाऱ्या खड्ड्यांचे कोडे सोडवताना लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये या मिटणाऱ्या बुडबुड्याचे गणित केले. हे लाखो वेळा घडले की पात्याला वाळवी लागल्यासारखी चाळण होते.

धंद्यात नवीन असताना मी अशी चाळण झालेला एक इम्पेलर घेऊन इथल्याच एका फौंड्रीत तावातावाने गेलो होतो. ओतकामात ब्लोहोल (हवेची छिद्रे) आहेत, पैसे परत द्या, असे माझे म्हणणे होते. तिथल्या म्हाताऱ्या मोल्डरने इम्पेलर उन्हात धरला, सगळ्या पात्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “ब्लोहोल असतं तर एकाच पात्याला असतं. हितं सगळ्या पात्यांस्नी एकाच जागी खाल्लंय. हे आमचं न्हाई, तुमच्या पाण्याचं काम हाय.” मी ओशाळून परत आलो. ओतकामातले छिद्र कुठेही पडते आणि त्याची आतली भिंत बहुधा गुळगुळीत असते. बुडबुड्यांनी खाल्लेली जागा प्रत्येक पात्याच्या सुरुवातीला, एकाच बाजूला, खरखरीत आणि स्पंजासारखी असते. आपला पंप उघडाल तेव्हा हे आवर्जून पाहावे, म्हणजे रोगाविषयी शंका उरणार नाही.

नवा पाईप घेण्याआधी मात्र एक काम करावे. सक्शनवर पंपाजवळ एक व्हॅक्यूम गेज बसवावे. माझ्या मते नदीकाठच्या पंपावर यापेक्षा उपयोगी वस्तू नाही, आणि दहातल्या एका पंपावरही ती मला दिसत नाही. वर मांडलेल्या हिशेबानुसार उंची २ मीटर असताना ते सुमारे २५० मिलिमीटर दाखवील आणि ६ मीटर असताना साडेपाचशेच्या जवळ. गेजवर ७६० पर्यंत आकडे छापलेले असले तरी कोल्हापुरात काटा ७१० च्या पुढे जाऊ शकत नाही, आणि पंप त्याच्या कितीतरी आधी पाणी सोडतो. काटा अपेक्षेपेक्षा वर आणि पाणी कमी, असे दिसले तर वाट तुंबलेली आहे: फूटव्हॉल्व्हच्या जाळीत जलपर्णी किंवा प्लॅस्टिक अडकले आहे, किंवा त्याची झडप पुरी उघडत नाही. काटा अपेक्षेपेक्षा खाली, थरथरता आणि पाणीही कमी, असे असेल तर कुठूनतरी हवा शिरते आहे. ही गळती डोळ्यांना दिसत नाही, कारण सक्शनच्या पाईपमधून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप चालू ठेवून प्रत्येक फ्लँजजवळ (पाईपच्या जोडाजवळ) आणि ग्लँडजवळ (पंपाचा दांडा बाहेर येतो तिथे) उदबत्ती धरावी. धूर जिथे आत वळेल तिथे पॅकिंग बदलावे. आपल्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या पंपांत हवा धरलेले पंप खूप असतात, आणि त्यांच्यासाठी पाईप बदलणे म्हणजे पोटदुखीला चष्मा लावण्यासारखे आहे. मात्र हवा धरलेल्या पंपाला एकाच ठराविक उंचीवर खडीचा आवाज सहसा येत नाही, म्हणून आपला रोग वेगळा असावा असा माझा अंदाज आहे.

काटा हिशेबाला धरून असेल तर ५ इंची पाईप घ्यावा, पण एवढ्याने काम भागेल असे मी म्हणणार नाही. ९.३ मधून ६ आणि ०.४५ गेले की २.८५ उरतात, आणि गरज ३.५ ची आहे. उरलेला फरक पंप खाली आणूनच भरून निघेल. दीड मीटर खाली आणला तर शिल्लक ४.३५ होते आणि पंप निवांत चालतो. इथे प्रत्येकाची परिस्थिती आड येते हे मी जाणतो. आपण पंप इतका वर बसवला, कारण नदी चढते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ च्या पुरात ती ५० फुटांच्याही वर गेली होती. जूनमध्ये मोटारी काढून वर आणण्याची दरवर्षीची धावपळ कोणाला चुकलेली नाही. पुरापासून पळायचे तर पंप वर हवा आणि उन्हाळ्यात चालवायचा तर खाली, अशी ही ओढाताण आहे. उतारावर रूळ टाकून पंपाचा गाडा पाण्याबरोबर खाली-वर सरकवणारे शेतकरी माझ्या पाहण्यात आहेत, आणि लवचीक सक्शन होज असेल तर ते जमते. दुसरा मार्ग ओपनवेल सबमर्सिबल पंपाचा. तो पाण्यातच बसत असल्यामुळे सक्शनचा प्रश्नच संपतो, पण गाळ, केबलची चोरी आणि पुराआधी तो वेळेवर बाहेर काढणे ही दुखणी सोबत येतात. काठ खडकाळ आणि सहा-सात शेतकरी एकत्र येणारे असतील तर जॅकवेल, म्हणजे काठावर बांधलेली नदीचे पाणी घेणारी विहीर, सगळ्यांत चांगली, पण ती एकट्याच्या आवाक्यातली नाही.

यांपैकी काही होईपर्यंत या उन्हाळ्यापुरता एक बिनखर्ची उपाय आहे. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत जावा आणि खडीचा आवाज थांबेल तिथे सोडून द्यावा. पाणी कमी झाले की पाईपमधले नुकसान त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि पंपाची गरजही उतरते. सेकंदाला १५ ऐवजी ११ लिटर केले तर १.२ मीटरचे नुकसान ०.६५ वर येते. आज आवाजासह जे निम्मे पाणी मिळते आहे, त्याहून हे फारसे कमी नसते, आणि इम्पेलर वाचतो. सक्शनच्या बाजूला व्हॉल्व्ह असेल तर तो मात्र नेहमी पूर्ण उघडा ठेवावा. तो आवळणे म्हणजे ३ इंची पाईप टाकण्याचाच दुसरा प्रकार आहे.

पाईप बदलताना तो फूटव्हॉल्व्हपासून पंपापर्यंत सतत चढता ठेवावा, मध्ये कुठेही कमान होऊ देऊ नये, आणि फूटव्हॉल्व्ह तळाच्या गाळापासून वर पण पाण्याच्या पृष्ठापासून पुरेसा खाली असावा, म्हणजे भोवरा पडून हवा शिरणार नाही. पंपाच्या पाटीवरचे हेड, डिस्चार्ज आणि फेरे, सक्शनची खरी लांबी, बेंड किती आहेत, आणि गेज बसवल्यावर मे महिन्यातला काटा कुठे उभा राहतो, एवढे आकडे कळवले तर वरचा हिशेब आपल्या पंपापुरता नेमका करून देईन.